तिसऱ्या 'नको'पर्यंत

आमच्या कारखान्यात आग विझवायच्या लाल नळकांड्याशेजारी एक फलक लावलेला असतो. त्यावर लिहिलेलं असतं 'अंतर्गत तक्रार समिती', आणि खाली चार नावं. गेल्या वर्षापर्यंत त्यातलं दुसरं नाव माझं होतं. मला समितीवर घेतलं यात माझी काही कर्तबगारी नव्हती. कायद्याला बायका हव्या होत्या, आणि सातिवलीतल्या आमच्या त्या गाळ्यात, जिथे पाण्याच्या बाटल्यांची झाकणं बनतात, पन्नाशी ओलांडलेली बाई मी एकटीच. शेठ म्हणाले, "तुम्ही तर सगळ्यांना घरच्यासारख्या." मी लगेच खूश. मग प्रशिक्षण द्यायला बाहेरून एक बाई आल्या आणि पडद्यावर चित्रं दाखवत दोन तास बोलल्या. त्या दिवसाचे समोसे मला अजून आठवतात. मधला तासभर माझा डोळा लागला होता हे कोणाच्या लक्षात आलं नाही, असा माझा समज आहे.

खरं सांगायचं तर माझा पिंड तक्रारींचा नव्हेच, जुळवाजुळवीचा. माझ्या हातून नऊ लग्नं जमली आहेत आणि त्यातली आठ टिकली आहेत. पॅकिंगच्या टेबलावर मी इनचार्ज असले तरी माझं अर्धं लक्ष कोण कोणाकडे बघतंय याच्याकडेच असायचं. उरलेलं अर्धं डब्याकडे. जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही. "नको काकू, पोट भरलं," याचा माझ्या लेखी अर्थ 'अर्धी पोळी चालेल' असा. दुसरं 'नको' म्हणजे शिष्टाचार. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा आला की मग मी थोडा विचार करायची आणि बोटांच्या फटीतून वाढायची. माझ्या माहेरी पंगतीत असंच वाढायचे. पहिल्या 'नको'ला जो वाढपी पुढे सरकला, तो पुन्हा वाढायला उभा राहू शकायचा नाही.

हे एवढं पुराण सांगायचं कारण म्हणजे तपासणीच्या टेबलावर आलेली ती मुलगी. वय बावीस, अर्नाळ्याच्या मासेमारी करणाऱ्या घरातली, बी. कॉम. झालेली. हजार झाकणांतलं एक वाकडं झाकण ती नुसत्या बोटांनी शोधायची. शेठनी तिला सांगितलं होतं, वर्षभर नीट काम कर, तपासणी विभाग तुझ्या हाती देतो. ही नोकरी तिने आईशी भांडून मिळवली होती. आई मासळी विकायची, आणि तिचं म्हणणं असं, की एवढ्या लांब कारखान्यात पोरगी पाठवायची म्हणजे जिवाला घोर. शेवटी एका अटीवर सोडलं: काही वेडंवाकडं कानावर आलं तर दुसऱ्या दिवसापासून घरी. हे तिनेच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं. मी म्हटलं, मी आहे ना.

मुलगी दिसायला छान होती, तेव्हा गाळ्यातल्या पुरुषमंडळींच्या माना वळणं साहजिकच होतं. सगळ्यात आधी विरघळला तो आमचा फिटर. हा तिशीचा, मशिनच्या तेलाने कायम माखलेला माणूस. एका दुपारी चहाच्या वेळी तो तिच्यापाशी गेला. मी पलीकडेच होते, कान टवकारून. तो म्हणाला, "रविवारी आम्ही मित्र मित्र तुमच्या किनाऱ्यावर येतोय. तू भेटशील का? म्हणजे, मला आवडेल." ती म्हणाली, "नाही. रविवारी नाही, आणि नंतरही नको." तो कानापर्यंत लाल झाला. "बरं," म्हणाला, कप विसळून ठेवला आणि मशिनकडे गेला. पुढचे चार-पाच दिवस तो तिच्या टेबलाला वळसा घालून जायचा. मग एक दिवस तिचं मापन-यंत्र बिघडलं ते त्याने दुरुस्त करून दिलं, दोघं झाकणांविषयी बोलली आणि प्रकरण तिथेच संपलं.

मी मात्र त्या फिटरवर भयंकर नाराज झाले. एवढ्यात माघार? एकदा नाही म्हटलं आणि हा गेला! घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, आजकालच्या मुलांत दमच नाही.

दम होता तो डिस्पॅचच्या सुपरवायझरमध्ये. वय चौतीस, कपाळावर केस व्यवस्थित बसवलेले, व्यसन नाही, आणि एव्हरशाईन सिटीत स्वतःचा वन बीएचके. माझ्या मनातल्या वहीत त्याचं नाव दोन वर्षांपासून वरच्या ओळीत होतं. तो तिच्यात गुंतलाय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला दिवाळी आल्यासारखं झालं. तिने नाही म्हटलं, तरी हा रोज टेबलाशी हजर. तिने तोंड फिरवलं की हा दुसऱ्या बाजूने हजर. याला म्हणतात चिकाटी, मी म्हटलं. असाच माणूस संसार टिकवतो.

मुलीने मला चार वेळा सांगितलं. आकडा मला आता पक्का पाठ आहे.

पहिल्यांदा हात धुताना म्हणाली, "काकू, तो डिस्पॅचवाला सारखा मागे मागे असतो. मी त्याला नाही म्हटलंय. मला नाही आवडत." मी खळखळून हसले. म्हटलं, "अगं, या वयात मागे कोणी नसतं तर रडत बसली असतीस."

दुसऱ्यांदा म्हणाली, "माझ्या मालाच्या स्लिपवर त्याची सही लागते. बाकीच्यांच्या स्लिपवर तो उभ्या उभ्या सही करतो. मला म्हणतो केबिनमध्ये ये, आणि दार ओढून घेतो." मी म्हटलं, "मग काय मनातलं सगळ्यांसमोर बोलेल बिचारा?"

तिसऱ्यांदा तिने फोन पुढे केला. हजेरीच्या वहीतून त्याने तिचा नंबर उतरवून घेतला होता. तिने त्याचा नंबर बंद केला तर दुसऱ्या नंबरवरून मेसेज सुरू. मी चष्मा न लावता वरचा एक मेसेज पाहिला, त्यात गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' होतं. "फूलच तर आहे," म्हटलं आणि फोन परत दिला. खाली काय होतं ते वाचायची तसदी मी घेतली नाही.

चौथ्यांदाची गोष्ट सांगताना मला अजून लाज वाटते. विरारहून आम्हाला न्यायला कारखान्याची छोटी गाडी येते. मी मनवेलपाड्याहून चालत येऊन ती पकडते, मुलगी अर्नाळ्याहून बसने येते. एके सकाळी ती मागची जागा सोडून माझ्याशेजारी येऊन बसली. पुढच्या थांब्यावर तो चढला, आमच्यापाशी उभा राहिला आणि माझ्याकडे बघून नुसता हसला. आणि मी उठले. "मला बाई खिडकीचा वारा सोसत नाही," असं काहीतरी पुटपुटून त्याला माझी जागा दिली. सातिवलीला उतरल्यावर ती म्हणाली, "काकू, मी तुमच्याजवळ मुद्दाम बसले होते." मी तिला डोळा मारला. खरंच मारला.

वर तिला धीर यावा म्हणून माझ्या लग्नाची गोष्ट ऐकवली. ती गोष्ट माझी फार आवडती, नव्वद टक्के नातेवाइकांना तोंडपाठ. मी टायपिंगच्या क्लासला जायची, आणि समोरच्या वाण्याच्या दुकानाशी आमचे हे दोन महिने रोज उभे राहायचे. मी बघायची नाही, तरी उभे. मी कितीही ताठ वागले तरी हे ठाम. शेवटी माझंच मन विरघळलं. मुलगी शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "तुम्हाला ते आवडले होते ना, पण?" मी म्हटलं, "हळूहळू आवडतात गं."

एक दिवस सुपरवायझर मला म्हणाला, "काकू, आता तुम्हीच काहीतरी करा. तिच्या घरी बोलून बघा." असं कोणी म्हटलं की मी कुठे थांबते? रविवारी सकाळी ठेवणीतली साडी नेसले आणि अर्नाळ्याची बस पकडली.

मुलगी मावसबहिणीकडे गेली होती. आई अंगणात बोंबील साफ करत बसली होती. तिने हात धुतले, मला पाणी दिलं, चहा दिला. मी गाडी हळूहळू मुद्द्यावर आणली. मुलगा निर्व्यसनी आहे, घर स्वतःचं आहे, तुमच्या लेकीवर मनापासून जीव आहे, सहा महिने झाले पाठ सोडत नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पोरीला इचारलंस?"

"तिला काय विचारायचं," मी म्हटलं. "ती लाजते."

तिने माझ्याकडे असं बघितलं की माझा चहा तसाच राहिला. "माजी पोरगी लाजते? बाय, ती बारा वर्साची होती तवापासून सुट्टीत माज्या बाजूला मासली इकाया बसते. भाव पाडायला आलेल्या बाप्याला ती तोंडावर नाय म्हनते. ती लाजत नाय. ती काय बोलली ते सांग."

"नाही म्हणाली."

"किती येळा?"

मला खोटं बोलता आलं असतं, पण त्या बाईसमोर ते जमेना. "मला चार वेळा सांगितलं. त्याला किती वेळा, ते माहीत नाही."

"आनि तरी तू हितं आलीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "उद्यापासून ती येनार नाय. जा तू."

मी घरी येऊन नवऱ्यापुढे कुरकुर सुरू केली. आजकाल भलं करायला जावं तर असं. माणसाने प्रेम करायचं तरी कसं? तुम्ही नाही का दोन महिने उभे राहिलात? नवरा टीव्ही बघत होता. त्याने आवाज बंद केला, आणि हे आमच्या घरात सहसा होत नाही.

"मी उभा राहायचो," तो म्हणाला, "कारण पहिल्या दिवशी तू हसलीस."

"मी? मुळीच नाही."

"हसलीस. मैत्रिणीला कोपर मारलंस आणि हसलीस. म्हणून दुसऱ्या दिवशी आलो. मध्ये एकदा तू तोंड फिरवून गेलीस, तर मी आठवडाभर तिकडे फिरकलो नाही. मग तूच त्या मैत्रिणीला दुकानात पाठवलंस, आजारी आहेत का म्हणून विचारायला. हे तू गोष्टीत सांगत नाहीस. मला वाटायचं, गोष्ट रंगते तर रंगू दे."

मला आठवलं. नऊ लग्नं जमवणाऱ्या बाईला स्वतःचंच लग्न धड आठवत नव्हतं. तीस वर्षं मी माझ्या गोष्टीतून माझं हसू गाळत आले होते, कारण त्या काळी मुलीने आधी हसणं बरं दिसायचं नाही. आणि ते गाळल्यावर जो माणूस उरला, तो माझा नवरा नव्हताच. तो डिस्पॅचचा सुपरवायझर होता. त्या रविवारी मी जेवले नाही, आणि नवऱ्यानेही एकदा विचारून सोडून दिलं.

सोमवारी मुलगी आली नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी आली ती हातात कागद घेऊन, आणि आई फाटकापाशी उभी. तिने अकाउंटच्या मॅडमकडे लेखी तक्रार दिली. मॅडम समितीच्या प्रमुख. आठवडाभरात बैठक ठरली. आईने तोवर तिला घरीच बसवलं, आणि पुढेही बसवणार हे उघड होतं. मला समितीची सूचना आली, म्हणजे मी न्याय करायला बसणार होते. आधीच मॅडमना सगळं सांगून बाजूला व्हायला हवं होतं. माझा धीर झाला नाही.

शेठच्या खोलीत टेबल लावलं होतं. प्रमुख मॅडम, स्टोअरचे एक वयस्कर गृहस्थ, बाहेरच्या सदस्य म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका, आणि मी. आधी मेसेज वाचले. या वेळी चष्मा लावून. गुलाबाच्या फुलाच्या खाली होतं ते असं, की आज तुझा ड्रेस घट्ट आहे, असाच घालत जा. रात्री तू काय घालून झोपतेस. केबिनमध्ये ये, नाहीतर स्लिप आठ दिवस पडून राहील. मुख्याध्यापिका बाई एक एक शांतपणे वाचत होत्या आणि माझे कान तापत होते. प्रत्येक मेसेजच्या मध्ये मुलीचं उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर एकच होतं.

मग सुपरवायझरला बोलावलं. तो अजिबात घाबरलेला नव्हता. "माझा हेतू शुद्ध आहे," तो म्हणाला. "जरा मस्करीत लिहिलं असेल, पण मला लग्नच करायचं होतं. काकू स्वतः माझ्यासाठी तिच्या घरी गेल्या होत्या, विचारा त्यांना. छेड काढणारा माणूस घरी मागणी पाठवतो का?" आणि त्याने माझ्याकडे बघून तेच स्मित केलं, गाडीतलं.

स्टोअरवाल्या गृहस्थांनी मान डोलावली. मी बघितलं ते. त्यांना पटत होतं.

मुख्याध्यापिका बाईंनी मुलीला आत बोलावून विचारलं, "सहा महिने हे चाललंय. तू समितीकडे आधी का आली नाहीस?"

"आले होते," ती म्हणाली.

"कोणाकडे?"

तिने बोट दाखवलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी उठले. म्हटलं, "मला या बाजूला बसायचा अधिकार नाही, मी खुर्ची सोडते. ती माझ्याकडे चार वेळा आली, मी चारही वेळा हसण्यावारी नेलं. तिच्या घरी मी गेले ते याच्या सांगण्यावरून, तिला न विचारता. ती मागणी म्हणजे याच्या चांगुलपणाचा पुरावा नाही. तिचं उत्तर मला ठाऊक होतं, यालाही ठाऊक होतं, आणि ते उत्तर बदलायला आम्ही दोघं मिळून तिच्या घरापर्यंत पोहोचलो." मग मी फिटरचंही सांगितलं, कारण मला तेव्हाच ते उमजत होतं. आवड त्यालाही होती. त्याने ती तिच्यासमोर ठेवली आणि तिने परत दिली तेव्हा घेऊन गेला. याने तिच्या कामाचे कागद अडवून धरले. माझ्या डोक्यात मात्र जो गेला तो भित्रा आणि जो अडून बसला तो प्रेमी, असा हिशेब होता. मुख्याध्यापिका बाईंनी माझं बोलणं लिहून घेतलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

चौकशी रीतसर झाली, महिनाभर चालली. सुपरवायझरची नोकरी गेली. फलकावरचं माझं नाव मी स्वतः अर्ज देऊन काढायला लावलं, त्या जागी आता दुसरी एक बाई आहे, आणि ती प्रशिक्षणात झोपत नाही. एवढं सगळं झालं तरी तपासणीचं टेबल रिकामंच होतं. तक्रार ती जिंकली होती आणि नोकरी गमावून बसली होती. आणि तेही माझ्यामुळे, दुसऱ्या कोणामुळे नाही.

म्हणून मी पुन्हा अर्नाळ्याला गेले, या वेळी साध्या साडीत. आई बाजारात टोपलीमागे बसली होती, मुलगी शेजारी. मी तिथेच, गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "माझी चूक झाली. त्या माणसाला काढलंय. तिला कामावर येऊ द्या."

आई बोंबील मोजत राहिली. मोजून झाल्यावर म्हणाली, "मी तिला त्या कारखान्यावर सोडलेली नाय. तुज्यावर सोडलेली. एक मोठी बाय हाय तितं, असं ती बोलली म्हनून."

मी उभी राहिले. एक गिऱ्हाईक आलं, भाव विचारून गेलं.

मग मुलगी बोलली, आईशी, माझ्याशी नाही. "आये, मी सोमवारपासून जानार. शेठचा फोन आलेला, मी हो बोलले. ज्यानं केलं तो घरी बसला, आता मी कशाला बसू?" आईने पदराने हात पुसले आणि पोरीकडे असं बघितलं, की हो म्हणायचं राहिलं तरी चालेल. मला इतकं हलकं वाटलं की मी बावळटासारखी रडायलाच लागले.

मुलगी उठून माझ्याबरोबर बसच्या थांब्यापर्यंत आली. मी डोळे पुसत तिला आशीर्वाद की काय ते देत होते. तिने मला मध्येच थांबवलं.

"काकू, पुढच्या वेळी मी सांगेन तेव्हा हसू नका," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही हसणार. बस आली, मी चढले, जागा मिळाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती 'पुन्हा असं झालं तर' म्हणाली नव्हती. 'पुढच्या वेळी' म्हणाली होती.